मामा क्रौंच बघायला गेले

लातूर, ९ डिसेंबर २०२४

दया,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणजे कोणी गेलं-बिलं नाही. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं.

आमच्या घरात खोल्या तीन आणि भिंती पापडासारख्या. अक्षरा सकाळचं कॉलेज आटोपून घरीच असते. माझा फोन तिनेच तिच्या लॅपटॉपला जोडून दिलाय, त्यामुळे मला आलेला निरोप मी चष्मा शोधेपर्यंत तिचा वाचून झालेला असतो. म्हणून पत्र. उत्तर शाळेच्या पत्त्यावर टाक, माझ्याच हातात पडेल.

अक्षराने स्वतःहून एक स्थळ सांगितलंय. मुलगा तुमच्या नांदेडचाच. नाव अनिमेष. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून लोकांना पक्षी दाखवायला नेतो. देगलूरवरून मांजरेच्या काठाने तेलंगणात शिरायचं आणि बिदर-उदगीरच्या अंगाने परत. नाव नोंदवलं की कुणालाही जाता येतं. दोघं एका कार्यशाळेत भेटले, वर्षभर बोलतायत. हे आपले रेणापूरच्या शेतातून आले, सगळं ऐकलं आणि पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तिला पसंत ना? मग झालं."

मला नाही झालं. मागच्या वर्षीचं तू विसरला नसशील. पत्रिका छापून आल्या होत्या. मुलगा मोठ्या कंपनीत, पगार असा, फ्लॅट तसा. आणि लग्न तोंडावर आल्यावर कळलं की नोकरी सुटून वर्ष झालंय आणि हा रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघतो नि संध्याकाळी परत येतो. त्याच्या घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आपण चौकशी थोडी का केली होती? जिथे विचारलं तिथे "मुलगा सोन्यासारखा". अक्षरा तेव्हा रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, नोकरी नव्हती त्याचं काही नाही गं. पण तो डबा रोज कोण भरत होतं?"

तेव्हापासून नातेवाइकांना विचारून चौकशी करायची नाही असं ठरवलंय. माणूस त्याच्या कामात असताना बघावा. तू जानेवारीतल्या सहलीत नाव नोंदव. मामा म्हणून नाही, कुणीतरी परका म्हणून. मला त्याचा पगार नको, पत्रिका नको. तो लपवतो का, एवढं बघून ये.

ताई

*

नांदेड, १४ डिसेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार. कमरेच्या सध्याच्या स्थितीत आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली उन्हाळ्यात.

तुझी आज्ञा शिरसावंद्य, पण माझी पात्रता आधी ऐकून घे. गेली पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना सांगत आलोय की हंस दुधातून पाणी वेगळं काढतो. आजवर एकाही हंसापुढे दुधाचं भांडं ठेवलेलं नाही. आमच्या शास्त्राप्रमाणे चकोर चांदणं खाऊन जगतो, चातक मान वर करून ढगाखाली उभा असतो आणि चक्रवाकाचं जोडपं दिवसभर सोबत राहून सूर्य मावळला की नदीच्या दोन काठांवर जाऊन रात्रभर रडतं. एवढ्या भांडवलावर तू मला पक्षिनिरीक्षणाला पाठवते आहेस. ठीक.

दुसरं हेरगिरीचं. जुन्या राजनीतीत हेरांचे प्रकार सांगितले आहेत. संन्याशाच्या वेषातला, व्यापाऱ्याच्या वेषातला, वेडाचं सोंग घेतलेला. मुलीचा मामा त्यात कुठे नाही. जुन्या लोकांनी काही विचार केलाच असेल.

तरीही नाव नोंदवलं आहे. तीन जानेवारी, शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. व्यवसायाच्या रकान्यात "टपालखात्यातून निवृत्त" असं लिहिलं. टपालखात्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. दुर्बीण नवी घेतली. आरतीने ती उलटी धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असे लांब दिसलात की बरे दिसता." पहाटे पाचला उठायचंय हे कळल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन हसली.

तिला सहलीचा हेतू सांगितलेला नाही. मला पक्ष्यांची ओढ लागली आहे असं ती समजते आणि वयाचा परिणाम म्हणून सोडून देते.

दाजींना नमस्कार. त्यांचं "मग झालं" हे मला तुझ्या सगळ्या पत्रापेक्षा जास्त पटलं, पण हे मी बोललो नाही असं समज.

दया

*

लातूर, ३१ डिसेंबर

दया,

शाळेतले एक सर नांदेडला चाललेत, त्यांच्या हाती देतेय. सोबत बाजरीचे उंडे आहेत, काल वेळाअमावस्येला शेतात केलेले. आंबील डब्यातून सांडेल म्हणून दिलं नाही, ओरडू नकोस.

काल शेतात कडब्याच्या कोपीजवळ सगळा गोतावळा जमला होता. मिश्र भाज्यांची भज्जी वाढून होते न होते तोच जाऊबाईंनी विचारलं, "अक्षराचं कुठं काही जमून राहिलंय का न्हाई?" मी म्हटलं, बघून राहिलोत. अक्षरा पलीकडे ज्वारीत उभी होती. तिने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवून ताटल्या गोळा करायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

म्हणून पुन्हा सांगते, नीट बघ. तो चिडतो कधी, डायव्हरशी कसा बोलतो, कुणाशी खोटं बोलला का. आणि तिथे संस्कृत झाडू नकोस. टपालखात्यातली माणसं तसं बोलत नाहीत. कानटोपी घाल.

ताई

*

नांदेड, ७ जानेवारी २०२५

ताई,

हेर परत आला. नाक गळतंय, कंबर आहे तशीच आहे. अहवाल पुढीलप्रमाणे.

आम्ही प्रवासी चार. मी. अहमदपूरच्या कस्तुराबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, गुडघ्यांनी त्रस्त, जिभेने धडधाकट. आणि इथलंच एक जोडपं. त्यातल्या नवऱ्याकडे उसाच्या कांड्याएवढा कॅमेरा होता आणि बायकोकडे त्या कॅमेऱ्याची पिशवी. गाडी क्रूझर. चालक बसलिंगप्पा, उदगीरकडचा. मराठीत गाडी चालवतो, कानडीत तिला शिव्या देतो आणि तेलंगणात शिरल्यावर तेलुगूत रस्ता विचारतो.

आणि अनिमेष. अनिमेष म्हणजे ज्याची पापणी लवत नाही तो. हे देवांचं लक्षण आहे, माशांचंही. मुलगा बारीक, केसांना कंगवा लागल्याचा पुरावा नाही. मोठ्याने बोलतच नाही. पक्षी उडू नयेत म्हणून सवय लागली असावी, पण चहात साखर हवी का हेही कुजबुजून विचारतो, त्यामुळे आपण काहीतरी कटात सामील आहोत असं वाटत राहतं.

पहिल्या दिवसाचं विशेष काही नाही. देगलूरच्या अलीकडे चहा झाला. पुढे सीमेवर माझ्या फोनने तेलंगणात स्वागत केलं, एका वळणावर कर्नाटकात केलं आणि तलावाच्या बांधावर चढलो तेव्हा पुन्हा महाराष्ट्रात. पाट्या तीन लिप्यांत, ज्वारी एकच. उन्हात बसलेल्या बदकांना हे माहीत नसावं. ती तिबेटाकडून, सैबेरियाकडून आलेली, त्यांना देगलूर काय नि बिदर काय.

संध्याकाळी मला पहिला धक्का बसला. अनिमेषने तीन पायांच्या तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावून दिली आणि कुजबुजला, "सर, चक्रवाक." नारिंगी रंगाची ती जोडी, अगदी डोळ्यांत भरणारी. सूर्य मावळला. मी वाट पाहत राहिलो. एक या काठाला जाईल, दुसरं त्या काठाला, विरह सुरू होईल. ताई, दोघं एकाच काठावर एकमेकांना खेटून चिखलात चोच खुपसत बसली. हलायला तयार नाहीत. पंचवीस वर्षं मी हा विरह फळ्यावर शिकवलाय.

माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "रात्री चरायला पांगतात, सर. अंधारात एकमेकांना हाका मारत असतील. ऐकणाऱ्याला रडणं वाटलं असेल. कवी अगदीच चुकले नसतील." हे बरं बोलला. मनात एक गुण दिला.

शनिवारी सकाळी मांजरेच्या काठी धुकं असं की समोरचा बसलिंगप्पा पुसट. पलीकडे दूर वाळूच्या पट्ट्यावर उंच, करड्या आकृत्या रांगेत उभ्या. अनिमेषने बराच वेळ दुर्बीण लावली. मग म्हणाला, "क्रौंच." या सहलीच्या जाहिरातीत क्रौंचांचंच चित्र आहे, गेल्या तीन सहलींत ते दिसलेले नव्हते. एकदम चैतन्य पसरलं. कस्तुराबाई माझा एक हात आणि बसलिंगप्पाचा एक हात धरून बांधावर चढल्या. कॅमेरा कडकडला. मग काही पक्षी उठले आणि धुक्यात विरले.

आणि मग मी बोललो. ते तू समजून घे. क्रौंच समोर उभा असताना संस्कृतचा माणूस गप्प बसला तर त्याची पदवी काढून घ्यावी. अर्धा तास बोललो. टपालखातं कुठल्या कुठे गेलं. कस्तुराबाईंनी नातवंडांना व्हिडिओ कॉल लावून धुकं दाखवलं. दुपारी बसलिंगप्पाच्या मेहुण्याच्या शेतात हुरडा झाला, मुक्कामही तिथेच. सगळे इतके आनंदात की कॅमेऱ्याची पिशवी धरणाऱ्या बाईसुद्धा हसल्या.

आता रविवारची सकाळ. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला, वर शेंगदाणे, हिरवी मिरची. अनिमेष ताटली न घेता उभा राहिला. मला वाटलं आभारप्रदर्शन.

म्हणाला, "काल सकाळी मी क्रौंच म्हणून दाखवले ते क्रौंच नव्हते. राखी बगळे होते. सरांच्या कॅमेऱ्यातले फोटो आत्ता मोठे करून पाहिले. उडताना एकाची मान आखडलेली दिसतेय. क्रौंच मान ताणून उडतो, बगळा मुडपून घेतो. चूक माझी. धुकं होतं, पण मी थांबायला हवं होतं."

सुशीला तोंडातल्या तोंडात राहिली.

कॅमेरावाले म्हणाले, "अहो, मी ग्रुपवर टाकलंय. लोकांनी अभिनंदन केलंय माझं."

"हो. पण बगळे होते."

कस्तुराबाई म्हणाल्या, "म्हंजे मव्हे गुडघे बगळ्यासाठी चढले व्हय रं बांधावर?"

"हो, मावशी."

"आमच्या अहमदपुरात बसस्टँडच्या मागं बगळेच बगळे हायेत की."

बसलिंगप्पाने त्याला बाजूला घेतलं, पण बाजूला म्हणजे माझ्या कानाशीच. "सर, गप बसायचं न्हाई का. कुणाला कळणार हाय? पाव्हणे खूश होते."

तर हा म्हणतो, "पुढच्या वर्षी हेच पाहुणे माणसं घेऊन येतील आणि तुझ्याकडे मांजरेतले क्रौंच मागतील. तू कुठून आणणार, बसलिंगप्पा?"

यावर बसलिंगप्पा कानडीत काहीतरी म्हणाला. गाडीला म्हणतो तेच असावं.

परतीच्या प्रवासात कॅमेरा पिशवीतून निघाला नाही. मी ज्यांच्यावर अर्धा तास बोललो ते पक्षी आमच्या गोदावरीच्या घाटावर रोज निर्माल्यात मासे शोधतात. तेव्हा माझा निष्कर्ष असा: मुलगा सज्जन आहे, चालकाशी बरोबरीने बोलतो, चिडत नाही. पण विषयात कच्चा आणि प्रसंगाचं भान शून्य. भरल्या पंगतीत असं कोणी उठून बोलतं का? बोलायचंच होतं तर नांदेडला उतरल्यावर बोलला असता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आणता आलं नाही. तीन दिवसांत लपवण्यासारखं त्याच्याकडे काही दिसलंच नाही, तर तो लपवतो की नाही हे कळायचं कसं?

दया

*

लातूर, १२ जानेवारी

दया,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं, मग वर्गावर जाऊन मुलांना उतारा लिहायला लावून पुन्हा वाचलं. तू एवढा शिकलेला, तुला कुणी कसं सांगत नाही रे की तू अधूनमधून ठोंब्या होतोस?

उत्तर आणता आलं नाही म्हणतोस. चार पानं भरून उत्तरच लिहिलंयस की.

मागच्या वर्षीच्या त्या घरात पाच माणसं होती. रोज सकाळी नाश्ता करत होती. वर्षभरात त्यातल्या एकालाही ताटली खाली ठेवून उभं राहता आलं नाही, की बाबांनो, नोकरी सुटलीय. सगळे खूश होते ना. खुशीत मिठाचा खडा कोण टाकणार? आणि हा मुलगा, ज्याला कुणी विचारलेलं नाही, ज्याची चूक कुणाला कधी कळणार नव्हती, तो सुशीला निवायच्या आत उठून सांगतो, की माझं चुकलं, ते बगळे होते. आणि तू त्याला प्रसंगाचं भान नाही म्हणतोस. दया, मला जावई म्हणून तेवढंच पाहिजे होतं. पक्षी येत नसले तरी चालतील.

वाचून झाल्यावर मी शाळेच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. शिपाई म्हणाला, "बाई, चक्कर आली का?" म्हटलं, आली होती, गेली.

पण एक शंका राहतेय, आणि तू मला खरं सांगायचं आहेस. त्याने तुला ओळखलं तर नव्हतं? मामा बघतोय हे माहीत असून तो उठला असेल, तर तो खरेपणा तुझ्यासाठी मांडलेला. मग सगळंच मुसळ केरात.

मला हे का सुचलं सांगते. तू पहिल्या दिवसाबद्दल लिहितोस, "देगलूरच्या अलीकडे चहा झाला." लहानपणापासून तुला ओळखते. तू चहावर एक वाक्य लिहिणारा माणूस नाहीस. टपरी कशी होती, कप किती फुटके, आलं घातलं होतं का, कशाचाही पत्ता नाही. त्या चहाला काय झालं?

संक्रांतीला तिळगूळ वेगळा पाठवणार नाही. गोड बोलण्याची तुला गरज नाही, खरं बोल.

ताई

*

नांदेड, १७ जानेवारी

ताई,

टपरी पत्र्याची होती. काचेचे पेले, आलं भरपूर, खारी शिळी. झालं?

आता खरं. टपरीच्या मागे भांडी धुतलेलं पाणी साचलं होतं, त्याच्या काठावर एक लहानसा पांढरा-करडा पक्षी शेपटी वरखाली करत धावत होता. तो मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खंजन." तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कस्तुराबाईंनी "काय म्हणलाव?" असं विचारलं आणि मी त्यांना नायिकेचे चंचल डोळे, त्यांना दिलेली खंजनाची उपमा वगैरे सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अग्गोबाई. आम्ही तर धोबी म्हणतो त्याला."

अनिमेष पेला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. कुजबुजला, "सर, तुम्ही अक्षराचे मामा ना?"

मी म्हणालो, "मी टपालखात्यात होतो."

"हो, फॉर्मवर वाचलं," तो म्हणाला. "पण ती तुमच्याबद्दल खूप बोलते. चहाच्या टपरीवर खंजन ओळखणारा टपालखात्यात दुसरा कोण असणार?"

मी चहा प्यालो. त्याने मला तो पिऊन होईपर्यंत वेळ दिला. मग म्हणाला, "मी ओळखलंय हे न सांगता तीन दिवस तुमच्याबरोबर फिरलो असतो तर मला अवघड गेलं असतं. म्हणून सांगून टाकलं. आता तुम्ही मला बघा, मी पक्षी दाखवतो. फक्त अक्षराला मी आज फोनवर सांगेन. तिच्यापासून लपवणार नाही. घरात सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

एवढं झालं. निघाल्यापासून पहिल्या चहापर्यंत माझी हेरगिरी टिकली. हे मी तुला कळवलं नाही, कारण तू हसली असतीस. हसली नसतीस तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं असतंस, आणि दाजींना पहाटेची थंडी सोसत नाही.

आता तुझ्या शंकेचं. पत्र वाचल्यावर मी आपलं नेहमीचं खंडन-मंडन करून पाहिलं. समजा त्याने माझ्यासाठी नाटक केलं. मग नाटकाचा हेतू काय? मला खूश करणं. मी खूश कशाने होतो? क्रौंचांनी. त्या करड्या आकृत्यांवर अर्धा तास बोललेला मी, आदल्या रात्री झोपताना स्वतःशीच पुटपुटणारा मी. मला खूश ठेवायचं तर त्याला काहीच करायचं नव्हतं. बगळ्यांना क्रौंच राहू द्यायचं होतं. त्याऐवजी त्याने मुलीच्या मामाला, मामा आहे हे ठाऊक असताना, भरल्या पंगतीत बगळ्यांवर बोललेला माणूस ठरवलं. अशा रीतीने आजवर कोणाचं लग्न जमल्याचं माझ्या वाचनात नाही.

म्हणजे तू म्हणतेस तेच खरं. मला त्याचा राग आला होता आणि रागाला मी निष्कर्ष हे नाव दिलं. ही सवय शिक्षकांची.

एक गोष्ट मात्र तू लक्षात घे. अक्षराला तीन जानेवारीपासून सगळं ठाऊक आहे. आज सतरा. ती तुला काहीच बोलली नाही?

दया

*

लातूर, २४ जानेवारी

दया,

तुझ्या शेवटच्या ओळीने मला दोन दिवस खाऊन टाकलं. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. भाजी काय करू, गॅस संपत आलाय, कॉलेजात अमुक झालं. आणि मी शाळेत जाऊन तुझी पत्रं वाचत होते, पर्समध्ये खालच्या कप्प्यात ठेवत होते, घरी येऊन तोंड सारखं करत होते. तिसऱ्या दिवशी आरशात बघताना वाटलं, या बाईला मी कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं. मागच्या वर्षीच्या त्या मुलाची आई. साड्या निवडायला आलेली, हसतमुख.

तशीच बाहेर आले. अक्षरा हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. समोर बसले, एक जुडी ओढून घेतली.

म्हटलं, "मी दयाला पाठवलं होतं. बघून यायला."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती खुडतच राहिली. म्हणाली, "तू सांगतेस का, ते बघत होते." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या लोकांनी लपवलं ते परवडलं, आई. ते परकेच होते. पण आपल्याच घरात माझ्या मागे काहीतरी चालू आहे, आणि मी खोलीत आले की तू कागद पर्समध्ये सरकवतेस, हे बघून मला वाटायला लागलं होतं की आता मला सगळीकडे तेच दिसणार." बरीच भाजी आम्ही देठासकट खुडली, तशीच फोडणीला घातली.

मग मी पर्स आणली आणि तुझी सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली. ती तुझ्या चक्रवाकांपाशी आली तेव्हा हसायला लागली ते थांबेना. यांनी विचारलं काय झालं. तिने वाचून दाखवलं. हे सगळं ऐकून म्हणाले, "एवढ्या थंडीत त्याला कशाला पाठवलं? मी तर आधीच म्हटलं होतं, तिला पसंत ना." आणि पुन्हा पेपर.

काल मी स्वतः अनिमेषच्या आईला, उमादेवींना फोन लावला. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आडपडदा ठेवलाच नाही. म्हटलं, मी माझ्या भावाला खोटा व्यवसाय लिहून तुमच्या मुलावर पाळत ठेवायला पाठवलं होतं, माफ करा. त्यांनी तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "अहो बाई, आता तुम्ही बोललात म्हणून मी बोलते. मीही तुमच्या शाळेत एका ओळखीच्या बाईंना विचारलं होतं, मुलीची आई कशी आहे म्हणून."

मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"सोन्यासारखी."

दया, आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की अक्षराने येऊन माझ्या पाठीवर थापट्या मारल्या.

अनिमेषशीही बोलले. खरंच कुजबुजतो रे. मी सरळ विचारलं, आम्हाला न सांगितलेलं काही आहे का? म्हणाला, "आहे. प्राध्यापकीच्या सेट परीक्षेत दोनदा नापास झालोय, तिसऱ्यांदा बसणार आहे. कायम नोकरी कधी मिळेल सांगता येत नाही. आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार मी घरी नसेन." मी म्हटलं, "बस, एवढंच?" तर विचार करून म्हणाला, "क्रौंच अजून दिसलेले नाहीत."

पुढच्या रविवारी ते सगळे येतायत. तू आरतीला घेऊन शनिवारीच ये. तिला आता तरी खरं सांग, नाहीतर मी सांगेन. आणि कमरेला आतापासून पट्टा बांधत जा, कारण लग्नात अंतरपाटाच्या मागे मुलीला धरून उभं राहायचंय ते मामालाच, आणि मंगलाष्टकं लांबली तर तू मध्येच बसून घेशील, म्हणून मी आत्ताच सांगून ठेवते की त्या दिवशी तू फक्त

मामा, मी अक्षरा. आईचं वाक्य इथेच राहिलंय, कारण ती टेबलावर डोकं टेकून झोपली. मागच्या वर्षीपासून दुपारचा तिचा कधी डोळा लागला नव्हता. पेन तिच्या हातातच आहे, ओढलं तर जाग येईल, म्हणून मी हे पेन्सिलीने लिहितेय. कुकरखालचा गॅस बंद केलाय. बाबांचं मघापासून पेपरचं एकच पान चाललंय. उलटलं तर आवाज होईल म्हणतात.